पाडा कुठल्या रकान्यात?

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर वीज उशिरा का पोहोचली, असे विचारले की डोंगर, जंगल आणि विखुरलेली वस्ती ही कारणे पुढे येतात. ती खोटी नाहीत. पण मूळ कारण मला सरकारी मोजणीत दिसते. वीज दूर नव्हती. आजच्या याच जिल्ह्यात, तारापूरला, देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. मात्र ‘विद्युतीकरण झाले’ हा शेरा मिळे तो महसुली गावाला. १९९७ पर्यंत गावाच्या हद्दीत कुठेही, कशासाठीही वीज वापरली गेली, की काम झाले असे धरत. देशावर घरे गावठाणात दाटीने असतात, तिथे याने फारसे बिघडत नाही. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी यांच्या या मुलखात एका गावाचे अनेक पाडे, आणि मध्ये ओहोळ नाहीतर टेकडी. गावठाणात खांब उभा राहिला की कागदावर सगळे पाडे उजळत. २००४ मध्ये व्याख्या कडक झाली, शाळा-पंचायतीत वीज आवश्यक ठरली. पण घरांची अट किमान दहा टक्क्यांचीच. शंभरांतली नव्वद घरे अंधारात, तरी गाव पूर्ण!

दुर्गमतेचा आक्षेप तिथल्या तिथेच तपासता येतो. मोखाड्यातल्या कोचाळ्याजवळ वैतरणेवर मुंबई महापालिकेने शंभर मीटरहून उंच धरण बांधले. ते २०१४ मध्ये पूर्ण झाले आणि पाणी मुंबईला निघाले. शहराला गरज होती, तेव्हा दुर्गमता आड आली नाही. आफ्रिकेतही हेच घडले: झांबेझीवरच्या करिबा धरणाने १९५०च्या दशकाअखेर सुमारे ५७ हजार टोंगा लोकांना उठवले; वीज गेली तांब्याच्या खाणींना आणि शहरांना. मागणीच कमी, खर्च कसा निघणार, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जगायला जातात. बंद घराचा मीटर फिरत नाही. पण पिठाची गिरणी चालेल इतका दाबच मिळत नसेल, तर मागणी वाढायची कशी? कमी वापर हा उशिराचा परिणामही आहे.

२०१७ च्या सौभाग्य योजनेने मोजणी गावावरून घरावर आणली, ही मोठीच सुधारणा. तरी मोजली गेली ती जोडणी, पुरवठा नव्हे. उपकेंद्रातून निघालेली लांब वाहिनी जंगलातून जाते. वादळात एक झाड तारांवर पडले की पलीकडचे पाडे एकदम बंद, आणि वायरमनला बिघाड शोधत लाइनीखालून पायी जावे लागते. तेवढ्या रात्री ती घरे नोंदीत उजळलेलीच राहतात. प्रत्येक पाड्याला मिळालेले तास घरांच्या आकड्याशेजारी लिहिले गेले पाहिजेत, कारण नळयोजनेचा पंप आणि आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रिज त्या तासांवर चालतो.