महाकाय कांगारू

ऑस्ट्रेलियातील एक नामशेष शिशुधान प्राणिसमूह. यातील प्रोकॉप्टोडॉन गोलियाह हा आजवर ज्ञात असलेला सर्वांत मोठा कांगारू. उंची सुमारे २ मी. आणि वजन २०० किग्रॅ.हून अधिक. आखूड चेहरा, भक्कम जबडा, प्रत्येक मागच्या पायाला एकच मोठे बोट आणि पुढच्या पायांना फांद्या ओढण्याजोगी दोन लांब नखरी बोटे ही त्याची लक्षणे. तो बहुधा खारवट जमिनीवरील झुडपांची पाने खाई. एवढा जड देह उड्या मारत नेणे अवघड. त्यामुळे हे कांगारू दोन पायांवर चालत असावेत, असे मत २०१४ मध्ये मांडले गेले. हाडांची ठेवण पाहता ते पटण्याजोगे आहे.

ऑस्ट्रेलिया कोरडा होत गेला, तशा झुडपे व गवत खाणाऱ्या जाती वाढल्या. दोन टनांहून जड डायप्रोटोडॉन आणि मांसभक्षी थायलॅकोलिओ हे त्यांचे समकालीन. ऑस्ट्रेलियातील नराकूर्टच्या गुहांत, जिथे प्राणी वरच्या विवरांतून पडून अडकत, अशा अनेक प्राण्यांचे उत्कृष्ट जीवाश्म मिळाले आहेत.

यांतील बरेच प्राणी सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीपर्यंत नाहीसे झाले. कारणांवर वाद आहे. काही संशोधक हवामानबदलाला, तर काही माणसाच्या शिकारीला व त्याने लावलेल्या वणव्यांना जबाबदार धरतात. मात्र आधीची अनेक हिमयुगे या वंशांनी पचवली होती. म्हणून माणसाचे आगमन बाजूला ठेवून हा विनाश समजावता येत नाही. सावकाश प्रजनन करणाऱ्या मोठ्या प्राण्यांना थोडी पण सततची शिकारही घातक ठरते.