गिरणीतील धर्मविद्यालय : ब्रायरफिल्डची न साकारलेली योजना

उत्तर इंग्लंडमधील लँकेशायर हा एकेकाळी जगाला कापड पुरविणारा परगणा. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) तेथील गिरण्यांची कापसाची भूक काही अंशी मुंबई बंदरातून जाणाऱ्या गाठींनी भागविली होती. याच परगण्यात बर्न्ली व नेल्सन या शहरांच्या दरम्यान ब्रायरफिल्ड हे छोटे गाव आहे. तेथे लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या काठी टनस्टिल घराण्याने एकोणिसाव्या शतकात उभारलेली प्रचंड गिरणी आहे. पुढे 'स्मिथ अँड नेफ्यू' कंपनी तेथे वैद्यकीय उपयोगाचे कापड बनवीत असे. २००० च्या दशकाच्या मध्यास हे उत्पादन थांबले. त्यानंतर गिरणी बर्मिंगहॅममधील एका मुस्लिम धर्मादाय संस्थेच्या ताब्यात गेली आणि मुलींसाठी निवासी इस्लामी महाविद्यालय काढण्याची योजना पुढे आली.

जुन्या वास्तूंचे आकर्षण

ब्रिटनमधील धर्मशिक्षण संस्थांनी अशा वास्तू पूर्वीही निवडल्या आहेत. बरीजवळील होल्कम येथील दारुल उलूम १९७० च्या दशकात एका जुन्या आरोग्यधामात सुरू झाले. लँकेस्टरमधील 'जामिया अल-कौसर' ही मुलींची निवासी संस्था १९९६ पासून पूर्वीच्या रॉयल अल्बर्ट रुग्णालयाच्या इमारतीत आहे. वर्ग, ग्रंथालय, प्रार्थनागृह, वसतिगृह आणि भोजनगृह एकाच आवारात हवे असल्यास मोठी, रिकामी वास्तू सोयीची ठरते.

रूपांतरातील अडचणी

यंत्रांचा भार पेलण्यासाठी बांधलेले गिरणीचे मजले भक्कम असतात. विणकामाच्या शेडवरील करवतीच्या दात्यांसारख्या छपराच्या काचा उत्तरेकडे असल्याने आत एकसारखा, सावल्या न पाडणारा प्रकाश येतो. मात्र सूतकताईच्या इमारती इतक्या रुंद असतात, की मधल्या भागात उजेड पोचत नाही; तेथे निजण्याच्या खोल्या काढता येत नाहीत. वर्षानुवर्षे तेल मुरलेल्या लाकडी तक्तपोशीला आगीचा धोका असतो. जिने, सुटकेचे मार्ग व उष्णतारोधन नव्याने करावे लागते. शिवाय ब्रायरफिल्डची गिरणी 'ग्रेड दोन' वारसा यादीत असल्याने तिच्या स्वरूपाला बाध आणणाऱ्या फेरफारांसाठी स्वतंत्र संमती आवश्यक असते.

वाद कशाचा?

इंग्लंडच्या नियोजन कायद्यानुसार औद्योगिक वापर बदलून शैक्षणिक वापर करण्यासाठी स्थानिक परिषदेची परवानगी लागते. वाहतूक, रोजगार आणि शेजाऱ्यांना होणारा उपद्रव यांचा विचार परिषद करते. अर्जदाराचा धर्म हा निकष नसतो. ब्रायरफिल्डमध्ये मात्र योजनेला स्थानिक विरोध झाला. गावाची मुख्य वास्तू एकाच समाजाच्या बंदिस्त आवारात जाईल, ही विरोधकांची भीती होती. दुसरी बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नव्हती. १९६० च्या दशकापासून लँकेशायरच्या गिरण्यांतील रात्रपाळ्या मोठ्या प्रमाणावर पाकिस्तानातून आलेल्या कामगारांनी सांभाळल्या. त्यामुळे गिरण्यांच्या वारशावर त्यांच्या मुला-नातवंडांचाही तितकाच हक्क होता.

पुढे काय झाले?

महाविद्यालय प्रत्यक्षात आले नाही. २०१२ मध्ये पेंडल परिषदेने गिरणी विकत घेतली. त्या छपराची आठवण सांगणारे 'नॉर्थलाइट' हे नाव तिला मिळाले. तेथे सदनिका, प्रौढ शिक्षण केंद्र, क्रीडा-व्यायाम केंद्र आणि कलासंस्था आल्या. काम सुरू असतानाच, २०१६ मध्ये अमेरिकी कलावती सुझान लेसी यांनी रिकाम्या गिरणीत दोन्ही समाजांच्या रहिवाशांना एकत्र आणले. ख्रिस्ती परंपरेतील समूहगान आणि सूफी जिक्र यांचे सूर तेथे एकाच छताखाली उमटले. प्रौढ शिक्षण केंद्रामुळे गिरणीत शिक्षण आले, ते सर्वांना खुले असे. पूर्वीच्या कामगारांच्या मुलींसाठी गावातच धर्मशिक्षणाची निवासी सोय मात्र या वास्तूत झाली नाही.