नामपल्लीचे अजायबघर : भयाच्या वस्तू आणि त्यांची राखण

नामपल्ली स्थानकावर उतरून थोडे चालले की बाग-ए-आम लागते. या बागेत सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत, १९३० साली, जे वस्तुसंग्रहालय उघडले, त्याचे नाव आजवर तीनचारदा पालटले आहे. प्रथम ते हैदराबाद म्यूझियम होते; भाषावार प्रांतरचनेनंतर ते आंध्र प्रदेशाचे झाले; पुढे काही काळ एका दिवंगत मुख्यमंत्र्यांच्या नावाने ओळखले गेले; आणि २०१४ साली तेलंगणाची स्थापना झाल्यावर त्या राज्याचे झाले. जुन्या माणसांच्या तोंडी मात्र ते अजायबघरच राहिले. आम्हांस हा शब्द अधिक खरा वाटतो. माणूस तेथे इतिहास शिकण्यासाठी जातो असे आम्ही शिक्षक समजतो; तो जातो अजब पाहण्यासाठी. आमच्या शाळेची सहल दर वर्षी तेथे जाते, आणि विद्यार्थ्यांच्या तोंडी आदल्या दिवसापासून एकच शब्द असतो, तो म्हणजे ममी.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सहलीच्या आदल्या संध्याकाळी सातवीतील एका मुलीचे वडील आमच्या घरी आले. बीदरकडील सीमेवरच्या गावातून आलेले हे मराठी कुटुंब. "गुरुजी, आमच्या पोरीला तेवढं मेलेल्या माणसापाशी नेऊ नका," एवढेच ते म्हणाले. कारण विचारता बराच वेळ गप्प बसले. मग कळले ते असे : त्यांच्या थोरल्या बहिणीवर गावाने भानामतीचा आळ घातला होता. कोणाच्या घरावर दगड पडले, कोणाचे वाळत घातलेले कपडे पेटले, एका सुनेच्या अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटल्या, आणि बोट दाखविले गेले ते या विधवेकडे. देवऋषी आला, त्याने तिच्या दंडात ताईत बांधला, तिचे केस उपटले. कुटुंब रातोरात गाव सोडून शहरात आले. ती बाई पुढे दोन वर्षांनी वारली. "आता पोरीनं आणखी एक मुडदा बघायचा आणि रात्री ओरडत उठायचं," असे म्हणून ते थांबले.

आम्ही पदवीधर, तीस वर्षे इतिहास शिकविलेला मनुष्य. उत्तर देता आले नाही. मुलीने यावे की नाही हे तिनेच ठरवावे असे म्हणून वेळ मारून नेली. ती आली. तिची गोष्ट पुढे येईल. तत्पूर्वी त्या पेटीतील बाईचा इतिहास जितका कळतो तितका सांगणे आवश्यक आहे.

ही ममी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे जावई नझीर नवाझ जंग यांनी १९२० च्या सुमारास एक हजार पौंडांस विकत घेतली, त्यांनी ती सातव्या निजामांस भेट दिली व निजामांनी ती १९३० साली या संग्रहालयास दिली, असे सांगतात. तिचे नाव नैशू, ती सहाव्या फॅरोची कन्या, आणि तिचे वय सुमारे २३०० ते २५०० वर्षे, असेही सांगतात. येथे इतिहासाच्या शिक्षकास अडखळावे लागते. ईजिप्तच्या पहिल्या राजापासून मोजत गेले तर सहावा राजा आजपासून पाच हजार वर्षांच्या जवळ जातो. टॉलेमी घराण्यातील सहावा घेतला तर त्याचा काळ इ. स. पू. १८० ते १४५, म्हणजे सांगितल्या वयापेक्षा तो अलीकडचा ठरतो. मग हा सहावा कोण? आमची एक अटकळ आहे, आणि ती अटकळ म्हणूनच वाचकांनी घ्यावी : सहाव्या निजामाच्या जावयाने आणलेली बाई लोकांच्या तोंडी सहाव्या फॅरोची लेक झाली नसेल ना? लोककथेत आकडे असे एका माणसाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर सहज जातात. कसेही असो; राजकन्या म्हटले की पाहणाऱ्याची पावले थबकतात, अनाम स्त्री म्हटले की ती पुढे सरकतात. विकणाऱ्या व्यापाऱ्यांस हे आपल्यापेक्षा आधी ठाऊक होते.

ममी हा शब्द तरी कोठला? फारसीत 'मोम' म्हणजे मेण, आणि 'मोमिया' म्हणजे डोंगरातून पाझरणारे डांबरासारखे द्रव्य, जे हकीम जखमेवर लावीत. ईजिप्तमधील मढ्यांवरचा काळा लेप पाहून त्यांसही तेच नाव पडले, आणि नावापाठोपाठ गैरसमज आला. युरोपात कित्येक शतके औषधविक्यांच्या दुकानांत मढ्यांची पूड औषध म्हणून विकली जात होती. आपल्याकडे ही कल्पना आणखी भयंकर रूपाने आली. विल्यम क्रूक याने उत्तर हिंदुस्थानातील लोकधर्मावरील आपल्या १८९६ च्या ग्रंथात 'मोमियाई'ची समजूत नोंदविली आहे : साहेबलोक एखाद्या गुबगुबीत मुलास पळवितात, मंद विस्तवावर उलटे टांगतात आणि त्याच्या मस्तकातून ठिबकणारे तेल जखमांवरचे मलम म्हणून वापरतात. जे सरकार रस्ते, रेल्वे, इस्पितळे आणि अजायबघरे बांधीत होते, त्याच सरकारविषयीची ही भीती. तेव्हा त्या बापाने आपल्या मुलीस मृत देहापासून दूर ठेवू पाहिले, यात अडाणीपणाच तेवढा पाहणे बरोबर नव्हे. तिच्या मागे फार जुनी परंपरा उभी आहे.

प्रेक्षक काचेच्या पुढे उभा असतो. काचेमागे जे चालते ते त्यास दिसत नाही. मृत देह टिकविणे हे ईजिप्तच्या पुरोहितांचे काम होते आणि ते अर्धे औषधाचे व अर्धे मंत्राचे होते. नेट्रन नावाच्या क्षारात शरीर सुकवावयाचे, आतडी काढून वेगळ्या कुंभांत ठेवावयाची, हृदय मात्र बहुधा जागीच राहू द्यावयाचे, कारण परलोकी तेच तराजूत तोलले जाणार. मग तागाच्या पट्ट्या गुंडाळताना पदरापदरांत ताईत ठेवावयाचे. क्षारात शरीर सत्तर दिवस ठेवीत, असे हेरोडोटस सांगतो. नामपल्लीत हे काम नव्याने करण्याची वेळ आली ती आवरणाची झीज दिसू लागली तेव्हा. २०१६ साली ममीची क्ष-किरण व सी. टी. स्कॅन तपासणी झाली. पट्ट्या न उलगडता आतील सांगाडा पाहता आला, आणि वस्त्रांच्या आत खरोखर मानवी देह आहे, त्यातील काही अस्थी भंगलेल्या आहेत, हे कळले. ही शंका निरर्थक नव्हती. जुन्या बाजारात बनावट ममी पुष्कळ विकल्या गेल्या. या कामी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जतनतज्ज्ञांचे साहाय्य झाले, हे मराठी वाचकांस विशेष वाटावे. त्यानंतर देह हवाबंद पेटीत ठेवण्यात आला. त्या पेटीतील प्राणवायू काढून नायट्रोजन भरलेला असतो, म्हणजे कीड व बुरशी जगत नाही आणि कापडाचे जळणे, जे डोळ्यांस न दिसता चालूच असते, ते मंदावते. पुरोहितांचा मंत्र गेला आणि वायू आला. हेतू तोच राहिला.

आमचा एक जुना विद्यार्थी दक्षिणेतील एका संग्रहालयात जतनाचे काम करतो. त्याच्या कृपेने तेथील कोठी आम्हांस एकदा पाहता आली. दालनात दहा वस्तू असतील तर कोठीत शंभर असतात. प्रत्येक वस्तूच्या न दिसणाऱ्या बाजूस पांढऱ्या रंगाचा बोटाएवढा ठिपका, त्यावर काळ्या शाईने क्रमांक आणि वर लाखेचा हात. तोच क्रमांक दाखलनोंदवहीत. वही गेली की वस्तू मेली, असे तो म्हणाला. पावसाळ्यात आर्द्रता चढते म्हणून रोज दोनदा मोजमाप, वाळवीसाठी भिंतीच्या कडेने फेरी, आणि एका फडताळात कागदात गुंडाळलेले ताईत, मणी, मातीच्या बाहुल्या. या फडताळाची साफसफाई करण्यास पूर्वी एक नोकर तयार नसे. पुढे तो निवृत्त झाला. त्याची भीती नोंदवून ठेवावी असे कोणास सुचले नाही. आमच्या मते ती वस्तूंइतकीच नोंदण्याजोगी होती.

भयाच्या वस्तूंचेच संग्रहालय करावे हा विचार इंग्लंडात सेसिल विल्यमसन नावाच्या चित्रपट-व्यवसायातील गृहस्थास सुचला. जादूटोण्याविरुद्धचा १७३५ चा कायदा तेथे १९५१ साली रद्द झाला आणि त्याच वर्षी त्याने आइल ऑफ मॅन या बेटावर चेटूक व लोकसमजुती यांचे संग्रहालय काढले. पुढे ते जागोजागी फिरले, काही गावांनी त्यास विरोध केला, आणि १९६० साली ते कॉर्नवॉलमधील बॉसकॅसल या लहानशा बंदरात स्थिरावले. तेथे एका स्त्रीचा सांगाडा मांडलेला असे. ती जोन विट, १७७५ साली जन्मलेली, रोग्यांस बरे करणारी व भविष्य सांगणारी म्हणून प्रसिद्ध असलेली, १८१३ साली बॉडमिनच्या तुरुंगात मेलेली, असे सांगत. तिच्या चरित्रातील बहुतेक मजकूर दंतकथेतून आलेला आहे. तथापि संग्रहालयाच्या नव्या मालकास तो देखावा सोसवेना. १९९८ साली त्याने त्या अस्थी गावाजवळच्या रानात रीतसर पुरल्या. बॉसकॅसलला १६ ऑगस्ट २००४ रोजी जो महापूर आला, त्यात संग्रहालयात चिखल भरला आणि नोकरांनी एकेक वस्तू धुऊन काढली. योगायोग असा की ऑगस्ट २०२० मध्ये जयपूरच्या अल्बर्ट हॉलमध्ये पावसाचे पाणी शिरले तेव्हा तेथील ममी वाचविण्यासाठी काच फोडावी लागली. मेलेल्यांस पुरापासून जिवंतांनी उचलून नेले.

नामपल्लीच्या पेटीतील बाईस कोणी पुरावे, असे आम्ही म्हणत नाही. तिची भूमी दूर आहे आणि तिचे दैवत कोणी उरलेले नाही. पण बॉसकॅसलच्या मालकाने जो प्रश्न स्वतःस विचारला तो आपण टाळू नये.

भयाच्या वस्तू आपल्या भूमीतही कमी नाहीत. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने, ज्याची स्थापना १९१४ साली झाली व ज्याचे धुरीण गुलाम यझदानी होते, पैठणला १९३७ साली उत्खनन केले, पुढे १९४० नंतर कोंडापूरला. कोंडापूरच्या मण्यांवर मोरेश्वर गंगाधर दीक्षित या आपल्या मराठी विद्वानाने लिहिलेला ग्रंथ १९५२ साली हैदराबादच्या पुरातत्त्वमालेत निघाला. या मण्यांकडे आम्ही दागिने म्हणून पाहतो. पण डोळ्याच्या आकाराचा मणी दृष्ट लागू नये म्हणून घातला गेला नसेल हे कोणी सांगावे? कोंडापूर, तेर, नेवासे येथे सापडलेल्या शिरोहीन विवस्त्र देवीच्या मूर्तींचेही तेच. हसमुख सांकलियांनी १९६० साली तिच्यावर लेख लिहिला, रा. चिं. ढेरे यांनी १९७८ साली 'लज्जागौरी' लिहून तिची उपासना उलगडून दाखविली. तोवर कित्येक ठिकाणी ती नुसती 'नग्न स्त्रीमूर्ती' होती. आलमपूरची तिची मूर्ती अपत्यासाठी स्त्रिया पूजीत. आता ती संग्रहालयात आहे. वस्तू जशीच्या तशी राहिली. जी बाई तिच्यापुढे पदर पसरून उभी राहिली तिची नोंद कोठेच नाही. आमची तक्रार असेल तर ती हीच, आणि ती कोणा एका संग्रहालयाविषयी नसून आमच्या सबंध इतिहासलेखनाविषयी आहे.

आता त्या मुलीविषयी. सहलीत ती सर्वांच्या मागे होती. इतर मुले काचेस नाक लावून आपसांत कुजबुजत होती, तेव्हा ती एका बाजूस उभी राहून पेटीच्या पायांकडे पाहत होती. परतताना तिने आम्हांस विचारले, "सर, हिच्यावरपण कुणी आळ घातला होता का?" नाही, असे आम्ही सांगितले, हिला तिच्या माणसांनी जपून गुंडाळून ठेवले. त्यावर ती म्हणाली, "मग हिला बघायला काही वाटत नाही."

आमच्या शाळेत एक काचेचे कपाट आहे. तीत जुनी मापे, जाते, निजामी नाणी, एक फुटका वीरगळ अशा वस्तू मुलांनी आणून दिलेल्या आहेत आणि प्रत्येकीची नोंद एका वहीत आहे : क्रमांक, वस्तू, कोणी दिली, मिळाल्याचे ठिकाण, उपयोग. सहलीनंतर महिनाभराने ती मुलगी एक काडेपेटी घेऊन आली. आत काळ्या दोऱ्यात ओवलेला तांब्याचा ताईत होता. आत्याच्या दंडावरचा. वडिलांनीच पाठविला होता, घरात ठेववत नव्हता आणि नदीत टाकवत नव्हता म्हणून. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर. कर्नाटकात तसा कायदा २०१७ साली. त्या बाईस यांपैकी कशाचाच उपयोग झाला नाही.

आम्ही वही उघडली. वस्तू : ताईत, तांबे, काळा दोरा. उपयोग : एका निरपराध स्त्रीस चेटकीण ठरविताना तिच्या दंडास बांधला. देणाराचे नाव आणि मिळाल्याचे ठिकाण लिहिण्यास लेखणी टेकविली, तो मुलगी म्हणाली, बाबांनी गावाचं नाव लिहू नका म्हणून सांगितलंय. गावात त्यांचे अजून दोन भाऊ राहतात. पेटीतील बाईच्या चिठ्ठीवर इतके तर्क लढविणाऱ्या आम्ही त्या दोन रकान्यांत काही लिहिले नाही. ताईत क्रमांक सत्तेचाळीस म्हणून कपाटाच्या खालच्या फळीवर आहे, आणि दोन्ही रकाने अद्याप कोरे आहेत.