गावठी टमाटा कुठल्या गावचा?

"हल्लीच्या टमाट्याला चवच नाही." हे वाक्य आमच्या घरात मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. बोलणार आज्जी, ऐकणार बाकी सगळे. लॉकडाऊनमध्ये पुण्याहून सोलापूरला परत आलो आणि इथूनच ऑफिसचं काम करू लागलो, तेव्हा ते रोज कानावर पडायला लागलं. एकदा वैतागून म्हणालो, "आज्जी, टमाटा तोच आहे. तुझी जीभ म्हातारी झालीय."

ती काही बोलली नाही. पण त्या दिवशी तिने ताटातली कोशिंबीर बाजूला सारली. मला ते लागलं. एरवी ऑफिसात कुणी पुरावा न देता बोललं की मी त्याला सोडत नाही, आणि इथे मीच तसा बोललो होतो.

मग गच्चीवर टमाटे लावून बघायचं ठरवलं. जाती तीन: पुसा रुबी, अर्का रक्षक आणि आज्जीच्या माहेरचा गावठी. हा गावठी तिच्या भाच्याच्या मळ्यात विहिरीच्या पाटाकडेला आपोआप उगवतो, कुणी लावत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात टमाट्याची फुलं गळून जातात, म्हणून बी सप्टेंबरात टाकलं. रोपं वाढेपर्यंत मी वाचत बसलो.

पहिला धक्का 'गावठी' या शब्दालाच बसला. टमाट्याचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेतल्या पेरू-इक्वेडोरकडचे. माणसाने तो नीट पिकवला मेक्सिकोत, आणि 'टोमॅटो' हा शब्द तिथल्या नाहुआतल भाषेतल्या 'टोमाट्ल'वरून आला. स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. इटलीत मात्तिओलीने १५४४ मध्ये त्याचं वर्णन लिहिलं आणि पुढे त्याला 'सोन्याचं सफरचंद' असं नाव मिळालं. १७५३ मध्ये लिनियसने त्याला वांग्याच्या कुळात बसवलं. आपल्याकडच्या लोकांनाही ते नातं दिसलं होतं. मराठीत त्याला बेलवांगी म्हणत, बंगालीत विलायती वांगं. विदर्भात तो अजून भेदरा आहे.

बटाटा आणि काजू पोर्तुगीजांकडून आले आणि मराठीत पोर्तुगीज नावांनीच राहिले. टोमॅटोचं नाव मात्र आपण इंग्रजीतून घेतलं. तो सगळीकडे रुळला तो इंग्रजांच्या काळात, आणि तेही हळूहळू. १८८९ पासून निघालेल्या जॉर्ज वॅटच्या कोशात नोंद आहे की त्याची लागवड मुख्यतः युरोपियन लोकांसाठी होते. बंगाली आणि ब्रह्मदेशातले लोक मात्र आंबट कालवणात तो वापरतात. हे वाचून दाखवल्यावर आज्जी म्हणाली, "माझ्या सासूबाई चातुर्मासात टमाटा घरात येऊ देत नसत. वांग्याचाच भाऊ तो, म्हणायच्या." म्हणजे लिनियसचं म्हणणं आमच्या स्वयंपाकघरात आधीपासून लागू होतं.

पुसा रुबी ही दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची जात. अमेरिकेतल्या नेब्रास्काची 'सू' आणि आपली 'इम्प्रूव्ह्ड मेरठी' यांच्या संकरातून निवडलेली. फळ चपटं आणि खाचांचं, पिकल्यावर देठाशी पिवळसर. ही सरळ जात असल्याने तिचं बी धरता येतं. अर्का रक्षक हे बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं संकरित वाण. पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना ते टिकतं. फळ घट्ट, साधारण ९०-१०० ग्रॅमचं. पण त्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं, तर तेच फळ येईल याची खात्री नाही.

डिसेंबरात फळं पिकली. मी चौथा नमुना म्हणून मंडईतला टमाटा आणला. आज्जी, आई आणि शेजारच्या पद्मशाली घरातल्या अव्वा यांना डोळे मिटायला लावून चारही फोडी मीठ न लावता दिल्या. तिघींनी गावठी पहिला ठरवला: आधी आंबट, मग गोड. दुसरा रुबी. मंडईतला शेवटी. गंमत म्हणजे झाडावरच पूर्ण पिकू दिलेला अर्का रक्षकही मंडईतल्यापेक्षा पुष्कळ बरा निघाला. म्हणजे थोडा दोष जातीचा, थोडा घाईच्या तोडणीचा. लांबच्या बाजारासाठी टमाटा रंग फिरू लागताच तोडतात. त्यानंतर झाडाकडून त्याला साखर मिळत नाही.

जातीच्या दोषाचं उत्तर २०१२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका संशोधनात सापडलं. कच्च्या गावठी टमाट्याचा देठाजवळचा भाग गडद हिरवा असतो. फळ पिकताना तो भाग उशिरा रंगतो, म्हणून बाजाराला तो नको होता. अनेक दशकं उत्पादकांनी सगळीकडे सारखं फिकट हिरवं असणारं, एकसारखं लाल होणारं फळ निवडलं. त्या निवडीत एक जनुक बिघडलेलं होतं. तेच जनुक फळातलं हरितद्रव्य वाढवतं, आणि त्या हरितद्रव्यातून फळ स्वतःची काही साखर बनवतं. चांगलं जनुक परत घातल्यावर फळातली साखर आणि लायकोपीन दोन्ही वाढले. आमच्या भाषेत सांगायचं तर, स्क्रीन देखणी केली आणि मागचं काहीतरी मोडलं. ते कळायला सत्तरेक वर्षं लागली.

यात शेतकऱ्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. माझ्या गावठीची फळं जेमतेम लिंबाएवढी, पाणी जरा जास्त झालं की तडकायची आणि तोडल्यावर चौथ्या दिवशी मऊ पडायची. पाच झाडांपैकी चार पांढऱ्या माशीने आणलेल्या पर्णगुच्छाने गेली. अर्का रक्षकचं एकही गेलं नाही, आणि त्याची फळं दोन आठवडे टोपलीत टणक होती. ज्याला क्रेट भरून ट्रकवर चढवायचे आहेत, आणि भाव पडला तर तेच क्रेट रस्त्यावर ओतायचे आहेत, तो गावठी कशाच्या जोरावर लावेल?

मी आज्जीला ते सगळं संशोधन समजावून सांगितलं. जनुक, हरितद्रव्य, साखर. शेवटी म्हणालो, "तुझं बरोबर होतं. माझं चुकलं."

"मग मी वेगळं काय सांगत होते?" ती म्हणाली, आणि वाटी मागवली.

उरलेल्या एका झाडाचं सगळ्यात चांगलं फळ तिने वाटीत पिळलं. गर-पाणी दोन दिवस तसंच ठेवायचं, बुळबुळीत साल सुटली की बी धुऊन सावलीत कागदावर वाळवायचं, हे तिनेच शिकवलं. टमाट्याचं फूल बहुतेक स्वतःच फळतं, त्यामुळे शेजारी दुसरी जात असली तरी बी सहसा बिघडत नाही. सत्तावन्न बिया निघाल्या. वीस अव्वांना दिल्या, दहा भाच्याला परत पाठवल्या, कारण यंदा त्याच्या पाटाला सिमेंट होतंय.