ज्योतीविना समई

औंढा नागनाथच्या भुयारी गाभाऱ्यात उतरताना आम्हांला दरवेळी जाणवते, की दिव्याला आकार ज्योतीनेच दिला. तेल सांडू नये म्हणून खोलगट वाटी, उजेड लांबवर पडावा म्हणून उंच दांडा. पुढे कंदिलाला काच आली, तीही वाऱ्यापासून ज्योत जपण्यासाठीच. १९९० च्या दशकात प्रखर निळा एलईडी साधला, त्यातून पांढरा उजेड शक्य झाला (अकासाकी, अमानो, नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल त्याबद्दलच), आणि तेल, वात, वारा ही बंधने गळून पडली. तरीही घरातल्या शोभेच्या दिव्यांत आपण प्लॅस्टिकची ज्योत लुकलुकवत ठेवली! वास्तविक एलईडीची उष्णता त्याच्या पाठीमागून धातूत उतरवावी लागते. समईचा पितळी दांडा ते काम सहज करील. असा दिवा आम्हांला तरी बाजारात दिसलेला नाही.