गणवेश आणि राजकारण : पोलीस व अग्निशमन जवानांना काय चालते, काय नाही?

नागपूर : हिवाळी अधिवेशन आले की सदर आणि सिव्हिल लाइन्स परिसर मोर्चांनी गजबजून जातो. या मोर्चांना अडविणाऱ्या पोलिसाला मात्र स्वतः अशा मोर्चात सामील होता येत नाही. त्याला मत आहे, पण ते जाहीरपणे मांडण्याची मुभा नाही. निवडणुकीच्या काळात याविषयी अनेक गैरसमज पसरतात. त्यामुळे नियम नेमके काय सांगतात, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

पोलिसांसाठी दुहेरी बंधन

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला राजकीय पक्षाचे सदस्यत्व, पक्षाला वर्गणी आणि निवडणूक प्रचार या तिन्ही गोष्टी वर्ज्य आहेत. अंगावर, वाहनावर किंवा घरावर पक्षाचे चिन्ह लावणे हाही प्रचारच मानला जातो. एखादी संघटना राजकीय आहे की नाही, याबाबत वाद निर्माण झाल्यास शासनाचा निर्णय अंतिम असतो.

पोलिसांवर याखेरीज १९६६ चा पोलीस दले (हक्कांवर निर्बंध) कायदा लागू आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ ने संसदेला दिलेल्या अधिकारातून तो करण्यात आला. परवानगीविना कामगार संघटनेत वा राजकीय संस्थेत सामील होणे आणि राजकीय हेतूच्या सभेत वा निदर्शनांत भाग घेणे हा त्यानुसार गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये दिल्ली पोलिसांच्या संघटनेच्या प्रकरणात हा कायदा वैध ठरविला.

या बंधनांची दुसरी बाजूही आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये संघटनेची मान्यता काढून घेतल्यानंतर मुंबईत पोलीसच रस्त्यावर उतरले आणि लष्कराला पाचारण करावे लागले. गाऱ्हाणे मांडण्याचा विश्वासार्ह मार्ग नसेल, तर शिस्तही टिकत नाही, हा त्या घटनेचा धडा होय.

अग्निशमन जवानांचे काय?

नागपुरात अग्निशमन विभाग महापालिकेच्या अखत्यारीत येतो. जवानही गणवेशात असले, तरी ते पोलीस दलाचे घटक नाहीत. त्यामुळे १९६६ चा कायदा त्यांना लागू होत नाही आणि कामगार संघटनेचे सदस्य होण्यास त्या कायद्याची आडकाठी नाही. महापालिकेचे सेवानियम मात्र त्यांना पाळावेच लागतात. महापालिकेच्या नोकरीत राहून त्याच महापालिकेचे नगरसेवक होता येत नाही.

मतदान आणि उमेदवारी

मतदानाचा हक्क दोघांनाही आहे. निवडणूक बंदोबस्तावरील पोलिसांना टपाली मतदानाची सोय असते. मतदारावर प्रभाव टाकण्याचा प्रयत्न करणारा पोलीस लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२९ नुसार सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेस पात्र ठरतो. पत्नी किंवा भाऊ उमेदवार असेल, तर त्यांना आडकाठी नाही. परंतु त्यांच्यासाठी मते मागता येत नाहीत.

स्वतः विधानसभा वा लोकसभा लढवायची असेल, तर अर्जांच्या छाननीपूर्वी नोकरीतून मुक्त व्हावे लागते. नागपूरचे पोलीस आयुक्त राहिलेले सत्यपाल सिंह यांनी २०१४ मध्ये मुंबईचे आयुक्तपद सोडले आणि त्याच वर्षी ते उत्तर प्रदेशातील बागपतमधून लोकसभेवर निवडून गेले. अधिकारी असो वा शिपाई, उमेदवारीपूर्वी गणवेश उतरविण्याची अट दोघांनाही सारखीच आहे.