पाले येथील शिलालेख आणि आपले उत्तरदायित्व

आपल्या मावळ तालुक्यात पाले गावाजवळच्या डोंगरात एक साधे लेणे आहे. कार्ले-भाजे येथील वैभवापुढे ते सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. परंतु तेथील ब्राह्मी लेखाचा आरंभ ‘नमो अरहंतानं’ या मंगल शब्दांनी होतो. भदंत इंद्ररक्षितांनी लेणे व पाण्याची पोढी करविली, असे हा लेख सांगतो. डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. शोभना गोखले यांनी त्याचे वाचन करून तो जैन लेख असल्याचे प्रतिपादन केले. इसवी सनापूर्वीचा हा लेख महाराष्ट्रातील जैन परंपरेच्या प्राचीनतम पुराव्यांत गणला जातो.

हा लेख कातळावर होता, म्हणून टिकला. हस्तलिखित पोथ्या, धातुप्रतिमा, जुनी दानपत्रे यांना ते भाग्य नसते. वाळवी, ओल आणि जीर्णोद्धाराची घाई यांत त्या नाहीशा होतात. किंवा दूर शहरी जातात व आपल्या गावाशी असलेले नाते गमावतात.

गावातील ठेवा गावातच राखता येतो, हे धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाने दाखविले. प्राचीन तगर नगरीचे अवशेष रामलिंगप्पा लामतुरे यांनी निष्ठेने जमविले. पुढे शासनाने तो संग्रह स्वीकारला आणि आज त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेथे उभे आहे. आधी ग्रामस्थाची तळमळ, मग राजाश्रय, असा हा क्रम आहे.

आज केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या संग्रहालय अनुदान योजनेतून नोंदणीकृत न्यासांनाही साहाय्य मिळू शकते. सर्वसाधारणपणे प्रकल्पखर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. उर्वरित वाटा संस्थेने उभारावयाचा असतो. अनुदानाने दालन उभे राहील, परंतु दररोज त्याचे दार उघडणारा, पोथीची धूळ झटकणारा माणूस समाजालाच द्यावा लागेल. तेवढी तयारी नसेल, तर सरकारी पैसाही कुलपाआड पडून राहील.

म्हणून पहिले पाऊल विनाखर्चाचे आहे: सूची. १९७२ च्या पुरावशेष कायद्यान्वये ७५ वर्षांहून जुने, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचे हस्तलिखित पुरावशेष ठरते. आपल्या मंदिरांत व घरांत असे काय आहे, याची छायाचित्रांसह नोंद सुवर्णमहोत्सवी वर्षातच व्हावी. इंद्ररक्षितांनी आपले दान कोरून ठेवले, म्हणून आपल्याला ते कळले. आपणही आपला ठेवा निदान लिहून ठेवू या.

जय जिनेंद्र.